संसारी बाबूजी

२ ऑगस्टला सिल्वासात मुक्तिदिनाचा ध्वज फडकतो, तेव्हा आम्हां मराठी कुटुंबांना सुधीर फडके आठवतात. कोल्हापूरच्या या मुलाने मुंबईत पोटासाठी चहा विकला, भाजीही विकली. पुढे गाणे हाच व्यवसाय झाला. १९५४ साली ललिताबाईंशी संसार मांडून पाचच वर्षे झाली होती, श्रीधर अजून चारही वर्षांचा नव्हता. अशा गृहस्थाने शस्त्रांसाठी पैसा उभा करावा आणि स्वतःही मुक्तिसंग्रामात उतरावे! ललिताबाईही मागे राहिल्या नाहीत, याचे आम्हांला अधिक अप्रूप. पुढल्याच एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला ‘गीतरामायणा’चे नवे गीत येऊ लागले, एकूण ५६. २९ जुलै २००२ रोजी बाबूजी गेले. मुक्तिदिन चार दिवसांवर होता.