कर्दळ लावली, हिशेब राहिला

नाल्याकाठी खडीचा वाफा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस, मग फीत कापणे आणि फोटो. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कृत्रिम पाणथळीची आपल्याकडची ओळख बहुधा एवढ्यावरच थांबते. तंत्र चांगलेच आहे. नागपूरच्या ‘नीरी’ने ते ‘फायटोरिड’ या नावाने विकसित केले, आणि विजेचे बिल नगण्य येते. पण अशा वाफ्याला जागा किती लागेल, हे कर्दळ सांगत नाही. ते गणितातून काढावे लागते.

रूढ सूत्र सोपे आहे : घाण जास्त असेल तेव्हा ती झपाट्याने कमी होते, उरलीसुरली मात्र रेंगाळते. अमेरिकी अभियंता रॉबर्ट कॅडलेक यांच्या मांडणीत याला एक अडचणीची संख्या जोडलेली असते, पार्श्वभूमीची पातळी. वाफ्यातली पाने-मुळे कुजतातच, त्यामुळे पाणी कितीही दिवस मुरवले तरी लिटरमागे काही मिलीग्रॅम बीओडी (घाण कुजवायला जीवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूचे माप) शिल्लक राहतो.

आता हिशेब करा. आत येणाऱ्या पाण्याचा बीओडी २०० आहे आणि बाहेर ३० हवा आहे. पार्श्वभूमी शून्याऐवजी ८ धरली, तर जागा सुमारे १४ टक्के वाढते. चालण्यासारखे आहे. पण बाहेर १० हवा असेल, तर तीच वाढ ५२ टक्क्यांवर जाते. आणि पार्श्वभूमीच १० निघाली, तर अख्खा तालुका दिला तरी पुरायचा नाही! केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांबाहेर ३० ची मर्यादा होती. २०१९ मध्ये हरित लवादाने १० चा आग्रह धरला. नदीच्या दृष्टीने तो रास्तच. मात्र कागदावर पार्श्वभूमी शून्य धरून १० चे आश्वासन देणारा आराखडा मंजूर होतो, तेव्हा तो तपासणाऱ्याने सूत्र पाहिलेले नसते.

शिवाय पाणी वाफाभर सारखे पसरते, हे गृहीतक निराळेच. खडी गाळाने बुजली की पाणी सोपी वाट धरते आणि अर्धा वाफा कोरडाच राहतो. सूत्र अपुरे असल्याचे खुद्द कॅडलेक यांनी २००० साली लिहिले होते. ही चोरवाट पकडणे काही अवघड नाही : एका तोंडाशी मिठाचे पाणी सोडायचे आणि दुसऱ्या तोंडाशी चालकता मोजत बसायचे. मीठ वेळेआधी पोचले, की समजावे वाफा नकाशावर आहे तेवढा नाही. ठेकेदाराचे शेवटचे बिल या चाचणीशिवाय निघू नये, आणि पावसाळ्यानंतर ती पुन्हा व्हावी.