डावा कौल

आमच्या गोव्यात देवाला कौल लावतात, हे गोव्याच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. मुलीचं लग्न असो, घराचा पाया असो की कोर्टातला दावा, भट मूर्तीला पाकळ्या लावतात आणि आपण हात जोडून उभे राहतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझी आजी म्हणायची, "कौल लावणं सोपं, डावा कौल मानणं कठीण." डावा आला की माणूस प्रश्न थोडा फिरवतो आणि पुन्हा विचारतो. उजवा येईपर्यंत विचारत राहतो.

कोरोनाच्या काळात आजीचं हे बोलणं मला फार आठवलं. नव्या विषाणूवर औषध शोधताना विज्ञानानेही कौल लावले. त्यातले बरेच डावे आले आणि आपण ते मानले नाहीत.

मी डॉक्टर नव्हे. कला शाखेचा पदवीधर, सरकारी कारकून. तेव्हा हे माझं तज्ज्ञमत नाही, एका कारकुनाने फाईल नीट वाचून मांडलेली टिप्पणी आहे असं समजा.

फाईलचं पहिलं पान चाचणीचं, आणि ते अभिमानाचं आहे. ११ जानेवारी २०२० रोजी चीनमधल्या संशोधकांनी या विषाणूचा जनुकीय आराखडा जगासाठी खुला केला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केरळमधला देशातला पहिला रुग्ण निश्चित केला. आपल्याकडे पहिले तीन रुग्ण २५ मार्चला सापडले. तोवर आपले नमुने पुण्याला जात. गोमेकॉच्या डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी नौदलाच्या विमानाने पुण्याकडे नेलं, आणि काही दिवसांत बांबोळीतच चाचण्या सुरू झाल्या.

ही आरटीपीसीआर चाचणी म्हणजे काय? विषाणूचा आरएनए आधी डीएनएमध्ये उतरवून घ्यायचा आणि त्याचा ठरावीक तुकडा पुन्हा पुन्हा दुप्पट करायचा. तीस वेळा दुप्पट झाला की एकाचे शंभर कोटींहून जास्त होतात, म्हणून नाकातल्या कणभर विषाणूचाही पत्ता लागतो. पण काडीवर तो आलाच नाही, किंवा चाचणी फार लवकर केली, तर यंत्र तरी काय करणार? 'निगेटिव्ह' याचा अर्थ इतकाच, की या नमुन्यात त्या दिवशी सापडला नाही. मे २०२१ मध्ये राज्यात येणाऱ्यांकडे ७२ तासांतला निगेटिव्ह दाखला मागत होते. साथीत असा अडसर लागतो, तक्रार नाही. पण दाखला हातात आला की माणसाला वाटतं, आता आपण सुटलो. रोज दाखले हाताळणाऱ्या मला हा भ्रम चांगला ठाऊक आहे.

औषधाचं पान याहून अवघड. या रोगातले बहुतेक लोक आपोआप बरे होतात. म्हणजे त्यांना पेज द्या, गुळवेलीचा काढा द्या नाहीतर गोळी द्या, श्रेय शेवटी दिलेल्या वस्तूलाच मिळणार. "मी घेतली आणि बरा झालो" हे खरं असलं, तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. कोणाला औषध मिळेल, कोणाला नाही, हे डॉक्टरच्या किंवा रुग्णाच्या मर्जीवर न सोडता सोडतीने ठरवायचं आणि मग दोन्ही बाजू मोजायच्या.

ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या चाचणीने हे काम हजारो रुग्णांवर केलं. सगळ्या जगाने ज्याचा गाजावाजा केला त्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा कौल डावा आला. ते घेणाऱ्यांत २८ दिवसांत २७ टक्के दगावले, न घेणाऱ्यांत २५. उजवा कौल आला तो डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे ४१ टक्क्यांवरून २९ वर आले. हे औषध विषाणूला मारत नाही, शरीराने स्वतःच्याच फुप्फुसात लावलेली आग शमवतं. म्हणूनच ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना त्याचा काहीच फायदा दिसला नाही. आपल्याकडे मात्र साधा ताप आला तरी स्टिरॉइड घेणारे झाले. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने जे अनेक रुग्ण गाठले, त्यामागे मधुमेहाइतकाच हा अविचारही होता.

प्लाझ्माचा कौल तर आपल्याच देशाने लावला. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल छापून आला: उपयोग नाही. तरीही प्लाझ्मासाठी धावाधाव पुढच्या मेपर्यंत चालू होती.

आता आपल्या घरातली गोष्ट. आयव्हरमेक्टिन हे जंतावरचं उत्तम औषध. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून ते निघालं आणि २०१५ चं नोबेल त्याच्या शोधाला मिळालं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात त्याने काचेच्या बशीतल्या पेशींमध्ये विषाणू रोखला, पण तेवढी मात्रा नेहमीच्या गोळ्यांनी रक्तात येत नाही. ३१ मार्च २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, चाचण्यांबाहेर ते वापरू नका. १० मे रोजी गोवा सरकारने जाहीर केलं, की अठरा वर्षांवरच्या सर्वांनी पाच दिवस ते घ्यावं. तेव्हा घराघरांत माणसं तळमळत होती, सरकारला काहीतरी करून दाखवायचं होतं, हे मी समजू शकतो. औषधं नेणाऱ्यांच्या याद्या मीही लिहिल्या. चांगलं काम करतोय याच भावनेने लिहिल्या.

त्याच महिन्यात आमच्या शेजारच्या काकांना ताप आला. मी म्हटलं, चाचणी करून घ्या. ते पडवीतून म्हणाले, "गुळयो घेतल्यात न्ही? मागीर टेस्ट कित्याक?" सहाव्या दिवशी दम लागला तेव्हा त्यांना नेलं. ते परत आले नाहीत. लवकर नेलं असतं तर वाचले असते का, हे मी सांगू शकत नाही, आणि कोणीही सांगू नये. पण त्या पाच दिवसांत त्यांना धीर कशाचा होता, हे मी कानांनी ऐकलं आहे.

"गोळी स्वस्त, अपाय फारसा नाही, घेतली तर बिघडलं काय?" असं आजही लोक विचारतात. बिघडतं ते हे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयसीएमआरच्या सूचनांतून ती गोळी वगळली गेली. पुढे ब्राझीलमधल्या १,३५८ रुग्णांच्या चाचणीत तिने रुग्णालयात जाणं टळत नाही असं दिसलं. तो कौल आपण लावू शकलो असतो, याची मला खंत वाटते. गोव्यात १९१ पंचायती. लोकांची संमती घेऊन, चिठ्ठ्या टाकून अर्ध्या पंचायतींना गोळी आधी आणि अर्ध्यांना महिन्याने दिली असती, तर एवढ्याशा गोव्याने जगाला उत्तर दिलं असतं. मग ते उजवं असो की डावं. नोंदी ठेवायला आम्ही कारकून होतोच.

पुढची साथ येईल तेव्हा नवी गोळी, नवा काढा, नवा दावा येणारच. तेव्हा "औषध आहे का?" एवढंच विचारू नका. "चिठ्ठ्या टाकून मोजलं का?" हेही विचारा. उत्तर डावं आलं तर ते माना, कारण नकार हेही ज्ञानच आहे.

मी लिहिलेल्या त्या यादीत नाव, वय, पत्ता, गोळ्यांची संख्या आणि सही असे रकाने होते. माणसाचं पुढे काय झालं, याला रकाना नव्हता. तो आखायचं मलाही सुचलं नाही.