पहिल्या पन्नास पाळ्या

माझा एक शिष्य आहे. वय वर्षे पंधरा. दांडियाबाजारातील एका जुन्या मराठी घराण्यातला हा मुलगा. वाडा विकून मंडळी आता तरसालीस, आमच्याच सोसायटीत राहावयास आली आहेत. गळा गोड, पण रियाजाचे नाव काढले की चेहरा आंबट. गेल्या महिन्यात तो सलग दोन दिवस शिकवणीस आला नाही, म्हणून चौकशीस गेलो, तो स्वारी संगणकापुढे बसून एक साम्राज्य उभारीत होती. रागावण्यासाठी गेलेला मी पुढे दीड तास त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो होतो, हे त्याच्या मातोश्रींनी सर्वांना सांगून झालेच आहे. तेव्हा येथे कबूल करण्यास हरकत नाही.

खेळाचे नाव ‘सिव्हिलायझेशन’. सिड मायर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९९१ मध्ये तो प्रथम काढला. मुलगा खेळत होता ती २०१६ ची सहावी आवृत्ती. बुद्धिबळाप्रमाणे आपली पाळी आली की चाल करावयाची, मग दुसऱ्याची. आरंभ ख्रिस्तपूर्व ४००० सालापासून, आणि सुरुवातीची एकेक पाळी चाळीस वर्षांची! यमन नीट बसावयास साधारण तेवढीच लागतात, असे आमचे आप्पा म्हणत.

हातात पहिल्याने फक्त वसाहतकऱ्यांची एक टोळी आणि एक योद्धा. गाव कोठे वसवावयाचे, हा पहिला प्रश्न. गोडे पाणी लगत असेल तर गावात पाच वस्त्यांची सोय, कोरड्या माळावर दोनचीच; दोनवर अडले की अन्न कितीही पिको, गावाची वाढ फार मंदावते. मग दुसरा प्रश्न, आधी काय बांधावयाचे. आणि तिसरा, आधी कोणती विद्या मिळवावयाची. मडकी घडविणे, गुरे पाळणे, खाणी खणणे यांपैकी एकीस हात घालता येतो. एका वेळी एकच. मडक्यांवरून लेखनाकडे जाता येते आणि लेखन आले म्हणजे ग्रंथालय.

आमच्या शिष्याने काय केले? गाव वसते न वसते तोच त्याने ‘स्टोनहेंज’ बांधावयास घेतले. ही इंग्लंडातली प्रचंड शिळांची रचना. खेळात अशा वास्तूंना ‘आश्चर्य’ म्हणतात. आश्चर्य एकालाच मिळते. याची निम्मी शिळा उभी होते तोच कोठल्याशा दूरच्या राजाने ते पुरे केले, आणि याची वीस पाळ्यांची मेहनत पाण्यात गेली. तोवर शेजाऱ्याची तीन गावे वसली होती. याचे एकच, आणि तेही उपाशी.

“गुरुजी, दिसायला केवढं भारी असतं ते!” मुलगा म्हणाला.

मला हसू आले नाही. कारण हे वाक्य मी दर महिन्यास ऐकतो. पालक येतात आणि विचारतात, “स्पर्धेत म्हणण्याजोगं एखादं गाणं तीन महिन्यांत बसेल ना?” बसते, न बसावयास काय झाले? परंतु खर्जाची बैठक नाही, पलटे नाहीत, तालाचे अंग नाही, आणि माथ्यावर एक तानबाज नाट्यपद. ते स्टोनहेंजच होय. मूल सोळाचे झाले, आवाज फुटला, की पाया नसलेली ती इमारत बसते, आणि घरचे म्हणतात, याला आता गाण्याची आवड उरली नाही.

आपण बडोदेकर मंडळी सयाजीराव महाराजांचे नाव पावलोपावली घेतो. त्यांच्या पहिल्या पाळ्या कशा होत्या हे मात्र कोणी फारसे पाहत नाही. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले तेव्हा या राज्याजवळ सोन्याच्या तोफा होत्या, खंडेरावांनी करविलेला मोत्यांचा गालिचा होता, आणि शहरास पिण्यासाठी धड पाणी नव्हते. खंडेरावांवर अन्याय नको. हिंदुस्थानातली पहिली अरुंदमापी रेल्वे त्यांनीच १८६२ मध्ये डभोई-मियागामदरम्यान घातली. प्रथम ती बैल ओढीत. पण तिजोरीचा कल तोफा-गालिच्यांकडे होता, हे खरे. १८८१ च्या अखेरीस महाराजांच्या हाती संपूर्ण अधिकार आले तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. आमच्या शिष्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठे. आजव्याचा तलाव १८९२ मध्ये पुरा झाला आणि नळांनी पाणी शहरात आले. नऊ वर्षांनंतरच्या, १९०१ च्या खानेसुमारीतदेखील शहराची वस्ती लाखापलीकडे फारशी नव्हती. तलाव मात्र पुढच्या पिढ्यांच्या हिशेबाने खणलेला. आजही शहराचा काही भाग ते पाणी पितो.

येथे एखादा चिकित्सक वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला, म्हणजे आजव्याच्या दोन वर्षे आधी! मग महाराजांनीही आधी आश्चर्यच बांधले ना? होय, बांधले. भक्तीपोटी ते लपविण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी त्यांनी बाकीच्या पाळ्या वाया घालविल्या नाहीत, एवढेच मी म्हणेन. १८९३ मध्ये अमरेली प्रांतात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, १९०६ मध्ये तो राज्यभर लागू झाला. प्रथम थोड्या गावांत करून पाहावयाचे, मग पसरावयाचे. तेरा वर्षे धीर धरावयाचा. त्यांतच छप्पन्नच्या दुष्काळाची, १८९९-१९०० ची, दोन भयंकर वर्षे गेली.

खेळात आणखी एक मार्मिक युक्ती आहे. परक्या देशाच्या माणसाशी नुसती गाठ पडली तरी लेखनविद्येचा बराचसा भाग आयताच पदरात पडतो. पुष्कळ पाळ्या वाचतात. महाराजांच्या विलायतवाऱ्यांची त्या काळी कमी टवाळी झाली नाही. परंतु अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावरच त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणविले, आणि खेडोपाडी वाचनालये निघाली. ही वाऱ्यांची कमाई टवाळखोरांना कशी दिसावी?

आता माझ्या विषयाकडे येतो. खेळणारी बहुतेक पोरे म्हणे कलेकडे उशिरा वळतात. आधी धान्य, मग विद्या, मग सैन्य, आणि वेळ उरला तर नाट्यगृह. आपल्या शहाण्या गृहस्थांचाही हाच क्रम आहे. पोराने आधी इंजिनियर व्हावे, तबला मागून आहेच. बडोद्यात तसे घडले नाही. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ मध्ये निघाली, म्हणजे आजव्याच्या नळाआधी सहा वर्षे. लोक अजून विहिरीचे पाणी शेंदीत होते, आणि सरकारी शाळेत सामान्यांची मुले सारेगम शिकत होती, तीही स्वरलेखनासह. मौलाबक्षांनी त्यासाठी स्वतःची पद्धत बसविली होती. दरबारात गवई ठेवणे हे प्रत्येक राजा करी. ते आश्चर्य झाले. गाण्याची शाळा काढणे हा पाया झाला. त्या शाळेची परंपरा आज विद्यापीठात चालू आहे, आणि १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली, ती काही अकस्मात नव्हे. तेव्हा आधी पोट मग कला, हा हिशेब मी मानीत नाही. पाया आधी आणि डोलारा मागून, हा मानतो. आणि पायात पाणी, अक्षर व स्वर तिन्ही येतात.

खेळाचे दोषही सांगितले पाहिजेत. त्यात राजा सहा हजार वर्षे जिवंत असतो. गादीवर दुसरा बसला की काय होते, हे त्याला ठाऊकच नाही. आमच्या आप्पांस ठाऊक होते. कलावंत कारखान्याच्या अखेरच्या वर्षांत ते अठराव्या वर्षी चाकरीस लागले. १९४९ च्या १ मे रोजी राज्य विलीन झाले, आणि पाळी दुसऱ्याची आली. मी त्यांच्या पन्नाशीनंतरचा. मला वारशात मिळाला तो त्यांचा मिरजेचा तंबोरा.

त्याच तंबोऱ्यासाठी हा लेख आहे, असे म्हटले तरी चालेल. १२ वर्षांपूर्वी तरसालीत घर घेतले तेव्हा मी भाव पाहिला, जवळचा तलाव पाहिला, संध्याकाळची हवा पाहिली. जमिनीचा उतार पाहिला नाही. पहिल्याच पाळीत चुकलो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने शहराची जी दैना केली ती सर्वांना आठवते. आमच्याकडे नदी आली नाही, पावसाचेच पाणी आले, कारण सोसायटीचे पावसाळी गटार कोणाच्या तरी बांधकामाच्या राडारोड्याने भरले होते. रात्री तीन वाजता उठलो तो घरात गुडघाभर पाणी, आणि तंबोरा भिंतीस टेकलेला. भोपळा भिजून सांध्यात उकलला. मिरजेस नेला. कारागिराने हळहळत सांगितले, भोपळा नवा बसवावा लागेल. बसविला. तंबोरा वाजतो. आप्पांचा आवाज त्यात होता, तो मात्र आता त्यात नाही.

खेळाच्या २०१९ च्या पुरवणीत, मुलगा सांगतो, नद्यांना पूरही येतो. बांधलेले मोडते, पण गाळाने जमीन कसदार होते. आणि धरणाची विद्या पुष्कळ उशिरा मिळते. आपल्याला तर ती विद्या केव्हाच मिळालेली आहे. पॅट्रिक गेडिसने १९१६ मध्ये या शहराच्या वाढीवर अहवाल लिहिला. हिंदी शहरांत तो जेथे जेथे गेला तेथे जुनी तळी बुजवू नका म्हणून कंठशोष करीत गेला. सुरसागर मध्यावर ठेवून वसलेल्या शहरास हे परक्याने सांगावे लागू नये. तरी उपनगरांत भराव पडतच आहेत, आणि पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

सांप्रत आमच्या सोसायटीत एक कमान उभारावयाची आहे. दगडी, नक्षीदार, वर दिवे. राजवाड्याच्या दरवाज्याची आठवण यावी अशी, असे चिटणीस म्हणतात. वर्गणीही ठरली. मागच्या सभेत मी उभा राहून म्हणालो, की या पैशांत आधी गटार मोकळे करून त्याचा उतार नीट करून घेऊ, कमान पुढल्या वर्षी. सभेत हशा पिकला. “गुरुजी, तुमचं सगळं खर्जापासूनच का सुरू होतं?” एका स्नेह्याने विचारले. विनोद चांगला होता, मीही हसलो. मते पडली तेव्हा माझ्या बाजूस चार हात वर होते, त्यांत एक त्या शिष्याच्या मातोश्रींचा.

अंतिम निर्णय येत्या रविवारी आहे. मुलाने नवा डाव मांडला आहे. या खेपेस नदीकाठी, पण उंचवट्यावर, आणि स्टोनहेंजचे नाव नाही. सकाळी साडेसहाला तो खर्ज लावावयास येऊ लागला आहे, आठवड्यातून तीन दिवस तरी. तंबोरा मी माडीवर नेऊन ठेवला आहे. वर्गणीचे पैसे पाकिटात घातले आहेत, आणि पाकिटावर ठळक अक्षरांत ‘गटार’ असे लिहिले आहे.