इंग्रिड बर्गमनची ‘वाया गेलेली’ वर्षं

इंग्रिड बर्गमनविषयी कुठेही वाचा, गोष्ट एकच. हॉलिवूडनं तिला घडवलं, इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीच्या नादी लागून तिनं हातचं घालवलं आणि १९५६च्या ‘अ‍ॅनास्टेशिया’नं, दुसऱ्या ऑस्करसह, ते तिला परत मिळवून दिलं. मधली इटलीतली वर्षं वाया गेली म्हणे. मला हे साफ अमान्य आहे.

हॉलिवूडनं घडवलं? १९३९मध्ये निर्माता डेव्हिड सेल्झनिकनं तिला स्वीडनहून बोलावलं, तेव्हा नाव बदल, भुवया कोर, दात नीट करून घे, असा आग्रह धरला होता. तेविशीतल्या त्या मुलीनं यातलं काहीही मानलं नाही. ज्या ‘इंटरमेझो’तून ती अमेरिकेत झळकली, तो तिनं १९३६मध्येच स्वीडिशमध्ये केला होता. तयार नटीच त्यांच्या हाती लागली होती.

‘नादी लागली’ हे शब्द तर मला फार खटकतात. रोसेलिनीचे ‘रोम, ओपन सिटी’ आणि ‘पायझा’ पाहून १९४८मध्ये तिनं त्याला आपणहून पत्र लिहिलं. तोवर ओळखदेखील नव्हती. ‘कॅसाब्लांका’ची नायिका, ‘गॅसलाइट’साठी ऑस्कर मिळवलेली नटी, एका दिग्दर्शकाकडे काम मागत होती. प्रेम जडलं ते नंतर. मग लग्नाआधी मूल झालं आणि मार्च १९५०मध्ये एडविन जॉन्सन या सिनेटरनं थेट अमेरिकी सिनेटमध्ये तिचा धिक्कार केला. त्या गदारोळात पत्रामागची नटी सगळे विसरले, ते आजतागायत.

रोसेलिनीबरोबर तिनं केलेले चित्रपट चालले नाहीत, हे कबूल. पण १९५४चा ‘जर्नी टू इटली’ एकदा पाहा. घटस्फोट घ्यायचं ठरवून बसलेलं जोडपं पॉम्पेईचं उत्खनन बघायला जातं. राखेतल्या पोकळीत प्लास्टर ओतलेलं असतं. माती हळूहळू बाजूला होते, आधी एक हात दिसतो, मग दोन देह, एक पुरुष आणि एक बाई, शेजारी शेजारी मेलेले. बर्गमनला ते बघवत नाही. ती रडत तोंड फिरवते. एकही टाळीचं वाक्य नाही, आणि तिचं अख्खं लग्न आपल्याला दिसतं. फ्रान्समध्ये समीक्षक जाक रिवेतनं १९५५मध्येच या चित्रपटाचं मोल ओळखून लिहिलं होतं. हॉलिवूडमध्ये राहून तिला असं काम मिळालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र मी झाकणार नाही. ती इटलीला गेली तेव्हा अमेरिकेत राहिलेली तिची लेक पिया दहा वर्षांची होती. त्या पोरीनं आईविना काढलेली वर्षं कोणत्याही अभिनयानं भरून येत नाहीत.

बर्गमननंही ते कधी सोपं करून सांगितलं नाही, असं मला १९७८चा ‘ऑटम सोनाटा’ पाहताना वाटतं. कर्करोग झालेला असताना, आपल्या मायबोलीत, तिनं त्यात सात वर्षं लेकीकडे न फिरकलेली पियानोवादक आई उभी केली. लिव्ह उलमन लेक झाली आहे. ती चाचरत शोपँचं प्रेल्यूड वाजवते. कॅमेरा आईच्या चेहऱ्यावर थांबतो. तिथं माया आहे, आणि कच्चं वाजवणं न सोसणारा कानही आहे. मग आई स्वतः पियानोवर बसते, तीच रचना वाजवू लागते, आणि शेजारची लेक तिच्या तोंडाकडे बघत राहते.