उजनीवर हाउसबोट? आधी हिशेब मांडा

दौंडच्या बाजारपेठेत सध्या एक नवाच विषय कानावर येतो. काही तरुण मंडळी उजनीच्या फुगवट्यावर हाउसबोट आणण्याचे बेत करीत आहेत. माझा धाकटा मुलगाही त्यांत आहे. "अब्बा, कापडात आता पूर्वीची बरकत राहिली नाही, पैसा पाण्यात आहे," असे तो म्हणतो. त्याने मला अमेरिकेतील लेक पॉवेलची चित्रे दाखविली. वाळवंट, तांबड्या खडकांची खोल दरी, मध्ये निळे पाणी आणि त्यावर तरंगते दुमजली घर! कुटुंबे आठ-आठ दिवस त्यावर मुक्काम करतात. पाहून मलाही मोह झाला, खोटे कशाला बोलू?

परंतु व्यापाऱ्याने मोहाच्या आधी हिशेब पाहावा. लेक पॉवेल हेही आपल्या उजनीसारखे धरणाचेच पाणी. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅन्यन धरणात १९६३ साली पाणी अडविले आणि तलाव प्रथम काठोकाठ भरला तो १९८० साली. उजनी धरणही १९८० मध्येच पूर्ण झाले. पुढे तिकडे दुष्काळ पडत गेला. २०२१ मध्ये पाणी इतके उतरले की हाउसबोटी पाण्यात सोडण्याचे काही धक्के बंद करावे लागले. २०२३ च्या आरंभी तर तलाव पाव भागही भरलेला नव्हता.

आपल्याकडे वेगळे काय आहे? उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते, त्यातले निम्म्याहून जास्त मृत साठा. पाऊस पडतो सह्याद्रीवर, आपण राहतो पर्जन्यछायेत. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. अशा वर्षी पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ उघडे पडते आणि किनारा कोसभर मागे सरतो. मग लाखो रुपयांची हाउसबोट चिखलात बसणार, बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येणार. केरळात आलप्पुळ्याला हा धंदा चालतो, कारण तेथील पाणी समुद्राच्या पातळीचे आहे, ते फारसे चढत-उतरत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या मते याहून महत्त्वाची आहे. भिगवण, कुंभारगावला गिऱ्हाईक येते ते रोहित पक्षी पाहण्यासाठी. पाणी ओसरू लागले, उथळ चिखल मोकळा झाला की हे पक्षी तेथे चरायला उतरतात. म्हणजे पक्षी जिथे, तिथे खोल पाणी नाही. मोठी बोट तिथे जाणारच नाही. तिथे मच्छीमाराची लहान होडीच चालते. माल एका पेठेत आणि दुकान दुसऱ्या पेठेत, अशातली ही गत होईल.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब गेलो होतो. होडीवाला मोठा जाणकार, प्रत्येक पक्ष्याचे नाव सांगत होता. आमच्या होडीत माणसे नऊ आणि जॅकेटे चार. विचारले तर म्हणाला, "चाचा, पाणी कमरेएवढेच आहे." तिथे असेलही. पण २१ मे २०२४ रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. ते लोक सहलीला निघाले नव्हते, ती त्यांची रोजची वाट होती. धरणाने जुने रस्ते बुडविले, म्हणून तेथील माणूस होडीत बसतो.

माझा जन्म शिरूरचा. आमच्या घोडनदीचे पाणी भीमेतून याच उजनीत जाते. शिरूरच्या शिवेवर टाकळी हाजी–निघोजला कुकडीने कोरलेले रांजणखळगे आहेत, खडकातली दरी पाहायची तर ती तिथे आहे. आपल्याकडे पाहण्यासारखे खूप आहे. उणीव आहे ती स्वच्छ संडासाची, मुक्कामाच्या साध्या खोल्यांची, होड्यांच्या नोंदणीची आणि माणशी एका जॅकेटाची. यातले एकही काम हाउसबोटीइतके महाग नाही. भिगवणच्या मच्छीसाठी लोक मुद्दाम वाट वाकडी करतात, त्यांना रात्री थांबवले तर चार पैसे गावात राहतील.

मुलाला मी सांगितले आहे, दोन चांगल्या होड्या आणि चार खोल्या यांचे भांडवल मी देतो. अट एकच, ज्याची जमीन पाण्यात गेली अशा घरातला होडीवाला पगारी नको, भागीदार हवा. चिरंजीव अजून उत्तर देत नाहीत.