बांधावरच्या वेलीला नाव हवे

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर एका गावात तणनाशकाचे प्रात्यक्षिक घ्यायला गेलो होतो. बांध साफ करून दाखवायचा होता. पंप पाठीवर चढवला आणि वेलींच्या जाळीकडे नळी वळवली, एवढ्यात शेजारच्या वावरातून एक आजीबाई हाक मारत आल्या. "साहेब, ती डोडी हाये. तिला नका मारू. तिच्या फुलांची भाजी आम्ही दरसाल खातो."

खरे सांगायचे तर ती वेल मला ओळखता आली नाही. माझ्या लेखी ते 'रुंद पानाचे तण' होते. पदविकेला पिके शिकलो, किडी शिकलो, तणे शिकलो. पण तण म्हणून ज्याला गाडून टाकतो त्याचे कूळ कोणते, हे कुणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

ही डोडी म्हणजे हरणदोडी. रुई, उतरण, अनंतमूळ, गुडमार आणि डोंगरावरची खरपुडी ही सगळी तिची भावकी. यातल्या बहुतेकांचे पान तोडले की पांढरा चीक येतो. शेंग तडकली की आत रेशमासारखा झुबका असलेले बी दिसते, वाऱ्यावर उडणारी 'म्हातारी' ती हीच. रुईच्या फुलातले पराग सुटे भुकटीसारखे नसतात, त्यांच्या लहान पुड्या असतात. त्या कीटकाच्या पायात अडकतात आणि दुसऱ्या फुलात पोचतात.

या भावकीचा वाद शास्त्रज्ञांत बराच काळ चालला. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० साली रुईचे कूळ कण्हेरीच्या कुळापासून वेगळे काढले. पुढे पावणेदोनशेहून अधिक वर्षे तसेच शिकवले गेले. १९९८ मध्ये जनुकांच्या अभ्यासाचा आधार घेऊन जे नवे वर्गीकरण मांडले गेले, त्यात ही वाटणी मोडली आणि रुई पुन्हा कण्हेर, करवंद, सदाफुली यांच्या घरात आली.

आता शेतकरी बंधू म्हणतील, याचा आम्हाला काय उपयोग? तर एक साधी गोष्ट पाहा. रुईच्या शेंड्यावर पिवळाजर्द मावा असतो. तोच मावा कण्हेरीवरही असतो. म्हणजे शास्त्रज्ञांना जे नाते उशिरा पटले ते या किडीला आधीपासून ठाऊक होते! हा मावा मुख्यतः याच कुळावर जगतो. तेव्हा बांधावरची रुई पिवळी दिसली म्हणून कपाशीत फवारणी काढायची गरज नाही. कूळ कळले की औषधाचा खर्च वाचतो, तो असा.

दुसरी बाजू नावाची. आपल्याकडे 'कावळी' हे नाव एकाहून अधिक वेलींना आहे. कुणी गुडमारला कावळी म्हणते, कुणी अनंतमुळाच्या जवळच्या दुसऱ्याच वेलीला. गुडमारचा पाला चघळला तर थोडा वेळ साखरेची गोडी लागत नाही, म्हणून मधुमेहाच्या औषधासाठी त्याला मागणी असते. दुसऱ्या वेलीत हा गुण नाही. व्यापारी आला, कावळी मागितली आणि पोरांनी भलतीच वेल ओरबाडून दिली, तर माल परत येतो आणि वेलही जाते. (ओळख पटल्याशिवाय कोणताही पाला तोंडात घालू नये. रुईचा चीक तर डोळ्याला फार घातक आहे.)

आता मुद्द्याचे बोलतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. व्यापारासाठी वनस्पती गोळा करणाऱ्यांकडून समितीने शुल्क घेण्याची तरतूदही कायद्यात केलेली आहे. परंतु मी ज्या काही नोंदवह्या चाळल्या, त्यांत वड, पिंपळ, आंबा, बाभूळ आणि पुढे 'इतर वेली' एवढेच सापडले. एका माळावरच्या गावाच्या वहीत तर खाडीकाठचे झाड लिहिलेले होते! वही कपाटात, कपाटाला कुलूप, आणि डोडी ओळखणाऱ्या आजीबाईंना कुणी विचारलेलेच नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरे काय?

आपल्या नाशिक जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर खरपुडीच्या जातीतली एक लहानशी वनस्पती आहे. २००६ साली शास्त्रज्ञांनी ती नवी जात म्हणून जाहीर केली आणि डोंगराचे नाव तिला दिले, सेरोपेजिया अंजनेरिका. खरपुडीच्या फुलाला कंदीलपुष्प म्हणतात. बारीक माशी फुलाच्या नळीत उतरते, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते, आणि केस सुकले की पराग घेऊन सुटते. या वनस्पतींचा जीव कंदात असतो. फुलायच्या आधीच कंद उकरला तर बी धरत नाही, आणि उन्हाळ्यात वणवा गेला की पडलेले बीही जळते. जिला डोंगराचे नाव मिळाले, तीच त्या डोंगरावरून गेली तर नाव कशाला उरेल?

बांध साफच करू नका, असे मी म्हणत नाही. मजूर मिळत नाही, उंदीर-घुशी माजतात, हे रोज पाहतो. माझे म्हणणे एवढेच, की आधी ओळखा, मग मारा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेबांना विनंती आहे, की श्रावण-भाद्रपदात वेली फुलावर असताना एक दिवस शिवारफेरी काढा. गावातल्या दोन-चार जाणत्या बायका, एक गुराखी, शाळेचे गुरुजी आणि जवळच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक यांना बरोबर घ्या. गावातले नाव, शास्त्रीय नाव, जागा, उपयोग आणि फुलण्याचा महिना, एवढे पाच रकाने भरा. फोटो लावा. वही ग्रामसभेत वाचून दाखवा. खर्च फार तर चहापाण्याचा.

त्या दिवशी मी बांधाचा तेवढा तुकडा सोडून बाकीची फवारणी केली. आजीबाईंनी जाताना डोडीच्या फुलांचा घोस हातात दिला. आता प्रात्यक्षिकाला गेलो की पंप पाठीवर घेण्याआधी मी पाच मिनिटे बांधावरून चालतो, आणि वावराच्या धन्याला, त्याहून अधिक धनिणीला विचारतो, की यातले काय ठेवायचे?