रॉमचा संप आणि पिंपरी

‘स्टार ट्रेक’चे चाहते दोन गोटांत वाटलेले : एकाला नवे ग्रह धुंडाळणारे यान प्रिय, दुसऱ्याला एकाच अंतराळस्थानकावर घडणारी ‘डीप स्पेस नाइन’. तिच्यातील ‘बार असोसिएशन’ (१९९६) हा भाग मात्र दुसरा गोटही बहुधा गंमत म्हणून सोडून देतो. मद्यगृहातला रॉम आजारपणाची रजासुद्धा मिळत नाही म्हणून युनियन बांधतो आणि मालक असलेल्या सख्ख्या भावाविरुद्ध संप पुकारतो. पिंपरीकराला यात निव्वळ गंमत कशी दिसावी? १९८९ मध्ये टेल्कोच्या कामगारांनी राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यावर उपोषण आरंभले आणि पोलिसांनी त्यांना तेथून उचलले. (माझ्या जन्माआधीची गोष्ट, ऐकत मात्र लहानपणापासून आलो.) रॉमच्या मागण्या मान्य होतात, पण युनियन विसर्जित झाल्याचे वरिष्ठांना दाखवावे लागते. माझ्या लेखी मालिकेतला सर्वांत खरा भाग तोच.